उलटा शिवलेला फुटबॉल

मी फुटबॉल बोलतोय. आवाज जरा घोगरा लागेल, पण ते म्हातारपण नव्हे. माझं पोट दोनदा उसवून तीनदा शिवलंय आणि आत हवा आहे ती सायकलच्या पंपाची. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, हळहळायचं असेल तर दुसरं कुणीतरी गाठा. फाटक्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या पुष्कळ आहेत, त्या आपली कर्मकहाणी हौसेने सांगतील. मला भांडायचं आहे.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे बाकांवर बायका ओळीने बसायच्या, गुडघ्यांत लाकडी चिमटा धरायच्या आणि त्यात तुकडे अडकवून शिवायच्या. वीस तुकडे पांढरे, बारा काळे. आता फुटबॉल शिवायची रीत फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हाला उलटं शिवतात. आतली बाजू बाहेर ठेवून एकेक तुकडा जोडत जातात, आणि शेवटी जी फट उरते तिच्यातून सगळं अंग ओढून सुलटं करतात. मग ती शेवटची फट बाहेरून बंद करायची. तेव्हा आतलं काही दिसत नाही, सगळं बोटांच्या अंदाजाने.

मला शिवणाऱ्या बाईची लेक त्या दिवशी तापाने फणफणली होती. बाईचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. शेवटचे तीन टाके तिने जरा जास्तच ओढले. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी तुम्ही असता तर दोनच टाके घालून घरी पळाला असता.

तपासनिसाने मला टेबलावर घरंगळत सोडलं. इतर फुटबॉल नाकासमोर सरळ गेले. मी अर्ध्या वाटेत डावीकडे वळलो आणि त्याचा चहाचा कप पाडला. त्याने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाकडा आहे," तो म्हणाला आणि माझ्या अंगावर खडूने फुली मारली.

फुलीवाल्यांची पेटी वेगळी होती. ती एका क्रीडा मंडळाने उचलली. तिथे आम्ही चौदा जण एका जाळीच्या पिशवीत राहायचो. सामना असला की पिशवीतून मला कुणी काढायचं नाही, सराव असला की नाइलाजाने काढायचे. एकदा त्यांच्या कप्तानाने पेनल्टी मारली. माझ्या मते त्याची नजरच दुसरीकडे होती, कारण मैदानाच्या कडेला कुणीतरी त्याचा फोटो काढत होतं. मी गोलच्या खांबापासून हातभर लांबून बाहेर गेलो.

"बॉल वाकडा आहे," कप्तान म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसलाच प्रकार. पण खोटं का बोला, इथे अंगण खरंच थोडं वाकडं होतं. त्यामुळे मला तोंड उघडता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सामानाच्या खोलीत कसरतीच्या गाद्यांखाली गेलो आणि तिथेच राहिलो. दोन वर्षं. भिंतीला ओल होती. एका बाजूची शिवण कुजली, हवा गेली, आणि मी वाटीसारखा खोलगट झालो. एक झुरळ माझ्यात बिऱ्हाड करून गेलं. जाताना आभारही मानले नाहीत.

पण गाद्याही फाटल्या. फाटल्या म्हणून त्या शिवायला पाठवल्या, आणि त्यांच्या वळकटीत मीही गेलो. फाटक्यांच्या संगतीचा एवढा एक फायदा झाला.

त्या गाद्या गेल्या मावशीच्या दुकानात. मावशी म्हणजे सोफे, गाद्या, गाडीच्या सीटा नव्याने मढवून देणारी बाई. वय पन्नाशीच्या पुढे, हात सुतारासारखे, आणि तोंडात कायम दोन-तीन चुका. गैरसमज नको. चुका म्हणजे ते आखूड, बसक्या डोक्याचे खिळे, ज्यांनी कापड लाकडाला ठोकतात. मावशी त्या ओठांत धरायची आणि एकेक काढून हातोडीने ठोकायची. त्यामुळे तिचं बोलणं नेहमी ओठांच्या कोपऱ्यातून यायचं.

तिच्या हाताखाली तिची भाची होती. एकवीस वर्षांची, किडकिडीत, उंच, डोकं जरा मोठं. म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. दहावीनंतर ती मावशीकडे आली ती तिथेच राहिली. तिचं मुख्य काम जुन्या सोफ्यांतल्या चुका काढायचं. लोखंडी पंज्याने उपटायच्या, ऐरणीवर ठेवून सरळ करायच्या आणि डब्यात टाकायच्या. त्या डब्यावर तिने रंगाने लिहिलं होतं, "मावशीच्या चुका". गिऱ्हाइकं वाचून हसायची. मावशी म्हणायची, "हसा. पण फेकत नाही मी एकही. सरळ करते आणि पुन्हा वापरते."

तर वळकटी उलगडली आणि मी लादीवर पडलो. मंडळाला फोन झाला. तिकडून उत्तर आलं, "तो होय? टाकून द्या." मावशीने मला उचलून उजेडात धरलं, कुजलेल्या शिवणीतून दोन बोटं आत घातली आणि चाचपलं. जन्मापासून माझ्या आत कुणी डोकावलं नव्हतं.

"टाचणे, बघ गं," ती म्हणाली. "हा पण उलटाच शिवलाय. आपल्या खोळीसारखा."

"मग आपल्याच जातीतला म्हणायचा," टाचणी म्हणाली.

मावशीने वाकडी सुई घेतली, दोऱ्याला मेण लावलं आणि माझी कुजलेली शिवण नव्याने घातली. ते ओढलेले तीन टाके तिच्या बोटांना लगेच कळले. तिने त्यांवरून अंगठा फिरवला. "हे कुणीतरी घाईत ओढलेत. पण धरून आहेत. राहू देत." टाचणीने सायकलच्या पंपाने हवा भरली. मी गोल झालो. गोल होण्यात काय सुख आहे ते तुम्हा लांबट लोकांना कळायचं नाही.

दुकानामागे मालाचा टेम्पो लावायची फरसबंद जागा होती. दुपारी जेवणानंतर मावशी तासभर आडवी व्हायची, तेव्हा टाचणी मला घेऊन तिथे जायची. दिवसभर उकिडवं बसून तिच्या पायांना मुंग्या यायच्या. आधी नुसतं इकडून तिकडे ढकलणं. मग एके दिवशी तिने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक पोरगा एकटाच उभा होता. ना गोल, ना संघ, ना पंच. बॉल त्याच्या पायावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून खांद्यावर, खांद्यावरून मानेत. मध्येच बॉल हवेत असताना तो त्याच्याभोवती पाय फिरवून आणायचा. याला फ्रीस्टाइल म्हणतात. यात कुणाला हरवायचं नसतं, बॉलला खाली पडू द्यायचं नसतं एवढंच.

टाचणी तो व्हिडिओ सतरा वेळा बघून उभी राहिली. पहिल्या दिवशी मी तिच्या पायावर दोनदा उडालो आणि तिसऱ्यांदा फोमच्या ढिगात गेलो.

"दोन टाके," ती म्हणाली.

तेव्हापासून आमची मोजणी टाक्यांत. पायाने उडवलं की एक टाका, पडलं की दोरा तुटला. दहा टाके व्हायला नऊ दिवस लागले. पन्नास टाक्यांना महिना. पुढे कसरती आल्या तेव्हा त्यांची नावंही दुकानातलीच पडली. बॉलभोवती पाय फिरवणं म्हणजे वळसा. टाच आणि पोटरीत धरणं म्हणजे चिमटा. मान झुकवून बॉल मानेच्या खळग्यात ठेवणं म्हणजे उशी.

वळशापाशी ती अडली. व्हिडिओतला पोरगा नेमका कोणता पाय कुठून फिरवतो हे तिला उमगेना. मावशी मधेच जागी झाली होती, दारात उभी राहून बघत होती.

"समोर दिसतं तसं घ्यायचं नसतं," मावशी म्हणाली. "खोळ कापताना काय करतो? उलटून घेतो. त्याचा उजवा म्हणजे तुझा डावा. उलटून घे, मग सुलटं होईल."

आता तुम्ही म्हणाल, माणसाचा उजवा पाय तो उजवाच, समोरून बघा नाहीतर मागून. तुमचं बरोबर आहे. पण तीस वर्षं जिने कापड उलटं धरून कापलं, तिला जगात जे दिसेल ते उलटून घ्यायची सवय लागली तर नवल काय? टाचणीनेही मान डोलावली. तिलाही तेच काम होतं. दोघींपैकी एकीच्याही डोक्यात शंका आली नाही. टाचणीने डावा पाय पुढे केला.

आणि गंमत बघा, मी डावीकडे झुकतो. तिच्या डाव्या पायावरून उडालो की बाहेरच्या अंगाला कलायचो, आणि तेवढ्यात तिचा पाय वळसा घालून माझ्याखाली आलेला असायचा. जे वाकडेपण कप्तानाला नडलं ते तिला चाललं. मी काही मुद्दाम केलं नाही, मी फक्त जसा आहे तसा पडलो. पण वळसा पहिल्यांदा जमला तेव्हा टाचणीने मला दोन्ही हातांत घट्ट धरलं, आणि मला फार आनंद झाला. तो आनंद मी कुणाला परत देणार नाही.

सगळं सुरळीत होतं असं नाही. रस्त्यापलीकडे सलूनवाला होता. एका दुपारी मी डाव्या पायावरून सुटलो ते बोळातून, रस्त्यावरून, थेट त्याच्या दुकानात. एका गृहस्थाच्या तोंडाला फेस लावलेला होता. मी फेसात बसलो.

"अगं, माझा वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता," सलूनवाला दारात येऊन म्हणाला. "दोन बोटं इकडेतिकडे झाली असती तर दाढीऐवजी तेरावा झाला असता."

"काका, चुकलं," टाचणी म्हणाली.

"चुका तुमच्या डब्यात टाका. बॉल मिळणार नाही."

तीन दिवस मी त्याच्या आरशासमोर, पावडरच्या डब्यांमध्ये बंदी होतो. चौथ्या दिवशी देवाने माझं ऐकलं. दिवसभर उभा राहून त्याच्या कंबरेत उसण भरली. सरळ उभं राहता येईना, गिऱ्हाइकाचे केस कापता कापता त्याच्याच खांद्यावर टेकायला लागला. शेवटी वाकलेल्या अवस्थेतच रस्ता ओलांडून मावशीकडे आला.

"ताई, तुमची भाची पायाळू आहे ना? पायाकडून जन्मलेली? अशांनी कंबरेला पाय लावला की उसण जाते म्हणतात."

"म्हणतात खरं," मावशी ओठांतल्या चुका सांभाळत म्हणाली. "पण पाय मोकळा नाही तिचा. त्याला बॉल लागतो."

मी दहा मिनिटांत घरी आलो. सलूनवाला गादीवर पालथा पडला. टाचणीने विचारलं, "उजवा की डावा?" तो कण्हत म्हणाला, "गुण येईल तो." तिने डावा लावला. दुसऱ्या दिवशी तो ताठ उभा होता. पायाचा गुण, की रात्रभर गरम पिशवी घेऊन झोपला त्याचा, हे मी सांगू शकत नाही. पण तेव्हापासून तो रोज दुपारी दारात खुर्ची टाकून टाचणीचे टाके मोठ्याने मोजायचा, आणि चुकवायचा.

दीड वर्ष गेलं. टाचणी दोनशेच्या वर टाके घालू लागली. वळसा, चिमटा, उशी, बसून, उठून, सगळं. मग तिला कळलं की गावात एक फ्रीस्टाइलचं पथक आहे. सहा जणांचं. मोठ्या मैदानावर सामन्याच्या मध्यंतरात ते खेळ करतात. त्यात एक जागा रिकामी होती. टाचणीला ती जागा हवी होती. तिने आयुष्यात दुसरं काही इतकं मागितलेलं मी ऐकलं नाही. दिवसभर लोकांच्या बसायच्या जागा नीट करणाऱ्या मुलीला एकदा स्वतःला उभं राहायला जागा हवी होती.

पथकाचे मास्तर म्हणजे टकलू, नेटके, गळ्यात शिट्टी. माणूस वाईट नव्हता. त्यांनी टाचणीचा खेळ पूर्ण पाहिला, मधे एकदाही शिट्टी वाजवली नाही. मग विचारलं, "तू डावखुरी आहेस?"

"नाही सर."

"लिहितेस कशाने? हातोडी कशाने मारतेस?"

"उजव्याने."

"मग सगळं डाव्या पायाने का?"

टाचणीने आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर मी ते सावकाश उमटताना पाहिलं. व्हिडिओतला पाय उलटून घ्यायचा नव्हताच.

"तू सगळं उलटं शिकली आहेस," मास्तर म्हणाले. "चांगलं शिकलीस, पण उलटं. माझे पाचही जण उजव्या पायाचे. एका रांगेत, एका वेळी, एका बाजूला. तू मध्ये आलीस की रांग मोडते. महिना देतो, उजव्याने शिकून ये. आणि हा बॉल नको. हा बाद आहे." त्यांनी तिला पथकाचा एक कोरा करकरीत बॉल दिला.

बाद. पुन्हा तीच फुली. मला आपणहून उडता येत असतं तर मी त्यांच्या टकलावर उशी करून बसलो असतो.

पुढचे पंधरा दिवस मी फळीवर, फोमच्या कातरणांत. खाली टाचणी आणि नवा बॉल. दोनशे टाके घालणारी मुलगी उजव्या पायाने नऊच्या पुढे जाईना. आणि वाईट म्हणजे डावाही बिघडला. पायांनाच कळेना आता कुणाची पाळी. एका दुपारी ती फरशीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली. मला फळीवरून खाली उडी मारायची होती. मी जरा कललो, डावीकडेच, आणि भिंतीला टेकलो.

मावशी बाहेर आली. टाचणीने तिला तोवर काही सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं. मावशीने ओठांतल्या चुका काढून तळहातावर घेतल्या. त्या दिवशी मी तिचं तोंड पहिल्यांदा रिकामं पाहिलं.

"म्हणजे मीच तुला उलटं शिकवलं," ती म्हणाली. "माझीच चूक."

"मावशी, रेक्झिनवर एकदा टाके पडले की उसवता येतात ना?"

"येतात की."

"मग?"

"भोकं राहतात. नवा टाका त्यांच्या बाजूला घातला तर फाटतं. त्याच भोकांतून पुन्हा शिवावं लागतं."

टाचणीने डोळे पुसले. मग उठली, मला फळीवरून काढलं आणि नवा बॉल माझ्या जागी ठेवला. त्या दुपारी आम्ही एकशेचाळीस टाके घातले. सलूनवाल्याने दोनशेदहा मोजले.

महिना संपला तेव्हा ती मास्तरांपुढे उभी राहिली. मी तिच्या काखेत.

"उजव्याने नाही जमलं सर. आणि आता शिकणारही नाही."

"मग जागा नाही," मास्तर म्हणाले.

"रांगेत नसेल. रांगेच्या समोर आहे."

तिने खिशातून कापडाचे दोन तुकडे काढले. सोफ्याच्या हातांचे, डाव्या आणि उजव्या. "हे दोन्ही सारखे कापले तर एक हात उघडा पडतो सर. एक उलटा कापावाच लागतो. तेव्हा कुठे दोन बाजू जुळतात. मला त्या पाचांच्या समोर तोंड करून उभी करा. त्यांचा उजवा उठेल तेव्हा माझा डावा. आरशासारखं."

मास्तरांनी ते तुकडे समोरासमोर धरून पाहिले. मग त्यांनी पाचांना उभं केलं, तिला समोर, आणि शिट्टी वाजवली. पाच उजवे पाय उठले, एक डावा उठला. हॉलच्या कोपऱ्यात लादी पुसणारी बाई फडका हातात धरून थांबली. मास्तरांनी तिला विचारलं, "कसं दिसतं?" ती म्हणाली, "त्या पोरांना जणू समोरून कुणीतरी उत्तर देतंय."

"ठीक," मास्तर म्हणाले. "नव्या माणसाला मी एक खेळ देतो. पथकाचा बॉल घेतलास आणि पडला, तर आणखी एक संधी देईन. तुझा हा घेतलास आणि जमिनीला लागला, तर पुन्हा येऊ नकोस. कोणता घेतेस?"

"माझा," टाचणी म्हणाली.

मला अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण माझे ते तीन टाके किती दमलेत हे फक्त मला ठाऊक होतं.

खेळाच्या दिवशी मावशीने दुकान बंद ठेवलं. सलूनवाल्याने दारावर "कंबर दुखते" अशी पाटी लावली आणि ताठ चालत मैदानावर आला. मध्यंतराची शिट्टी झाली. पाच जण रांगेत, टाचणी समोर. इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती, आणि बहुतेक जण खायला काहीतरी आणायला उठत होते.

पहिले चाळीस टाके सुंदर गेले. पाच उजवे, एक डावा. उठलेली माणसं पायऱ्यांवर थांबली. मग पहिला वळसा. मी टाचणीच्या पायावरून उडालो आणि वर असतानाच मला कळलं. पहिला टाका तुटला. खाली आलो, तिच्या बुटाची कड लागली, उरलेले दोनही तुटले. आतलं ब्लॅडर, म्हणजे हवा धरणारी रबरी पिशवी, फटीतून डोकावलं, पुढच्या फटक्याला चिरलं, आणि हवा सूं करत निघाली.

आवाज टाचणीने ऐकला. तिने माझ्याकडे पाहिलं. अजून पाऊण मिनिट बाकी होतं. ती थांबली असती तर कुणी दोष दिला नसता. फुटका बॉल घेऊन कोण खेळतं?

ती थांबली नाही. फुसक्या बॉलला जास्त जोर लागतो, म्हणून तिने पाय जोरात मारला. मी उडायचो निम्मा, ती वाकायची दुप्पट. मी डावीकडे झुकत होतो, नेहमीपेक्षा जास्त, आणि दर वेळी तिचा डावा पाय तिथे हजर होता. दुसरा वळसा तिने गुडघा जमिनीला टेकत पुरा केला. मीही जीव तोडून गोल राहिलो. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या मावशीला काय दिसलं असेल कुणास ठाऊक, पण ती उभी राहिली होती आणि तिने हात तोंडावर धरला होता.

शेवटी उशी. सहाही जणांनी बॉल मानेवर घ्यायचा, मग उडवून पायावर झेलायचा. टाचणीने मला मानेत घेतलं. फुसका बॉल मानेत फार छान बसतो, ही गोष्ट कोऱ्या करकरीत बॉलांना कधी कळणार नाही. पाच बॉल उडाले. मी उडालो नाही. ती मला मानेवर घेऊनच खाली बसली, पाय पसरले, आडवी झाली नाही इतकंच, पुन्हा उठली, हात पसरून रांगेपर्यंत चालत गेली. टाळ्या पडल्या. मी फुटलो होतो, पण पडलो नव्हतो.

मास्तरांनी मला तिच्या मानेवरून स्वतः उचललं. त्यांचा अंगठा माझ्यात आत गेला.

"हा कधी गेला?"

"पहिल्या वळशाला."

"मग थांबली का नाहीस?"

"पडला तर येऊ नकोस म्हणालात, सर. फुटला तर काय, ते बोलला नव्हतात."

मास्तर हसले नाहीत. मला तिच्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "शनिवारी सरावाला ये. समोरच उभी राहा."

दुसऱ्या दिवशी मावशीने मला मांडीवर घेतलं. जुनं ब्लॅडर काढलं, नवं घातलं, सुईत मेणाचा दोरा ओवला. "हे शेवटचे तीन टाके आता सैल घेते," ती म्हणाली. "म्हणजे झुकायचा थांबेल."

"नको," टाचणी म्हणाली. "होते तसेच ओढून घाल. त्याच भोकांतून."

मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि ओढून घातले.

तर अशी माझी गोष्ट. टाचणी आता खेळात पथकाचा बॉल वापरते, माझं वय झालं हे मी मान्य करतो. पण पाय डावाच वापरते. मी दुकानामागच्या फरशीवर असतो. दुपारी दोन-चार जण शिकायला येतात. सलूनवाल्याचे चार टाके होतात, तो सात सांगतो. त्याने मला आपल्या दुकानात काचेच्या कपाटात ठेवायला मागितलं होतं, हार घालून. टाचणीने त्याला कंबरेची आठवण करून दिली.

आणि काल एक गोष्ट झाली. सगळे गेले होते. मावशी दारात आली, इकडेतिकडे पाहिलं, ओठांतल्या चुका डब्यात टाकल्या, चपला काढल्या. मला पायाशी घेतलं. क्षणभर कोणता पाय ते ठरवत राहिली. मग डावा उचलला.

मी वीतभर उडालो आणि तिच्या पावलावर परत आलो.

"एक टाका," ती स्वतःशीच म्हणाली.

तेव्हा माझी विनंती म्हणा, नाहीतर दटावणी म्हणा. मला कपाटावर ठेवू नका. माझी कीव करू नका. चुकून पाय लागला म्हणून माफी मागू नका, मुद्दाम लावा. पडलो तर उचला आणि पुन्हा मारा. उजवा जमत नसेल तर डावा चालेल. चालेल काय, धावेल.